नाण्याचा दोष नव्हता

प्रवाळाला उर्दूत मर्जान म्हणतात, हिंदीत मूंगा आणि आपल्या मराठीत पोवळे. घरात ते अंगठीत किंवा आजीच्या जुन्या माळेत दिसते, म्हणून बहुतेकांना तो दगडच वाटतो. प्रत्यक्षात तो प्राणी आहे. दागिन्यातले लाल पोवळे आणि उथळ, उबदार समुद्रात खडक बांधणारे प्रवाळ हे एकमेकांचे दूरचे भाऊबंद. खडक बांधणाऱ्या प्रवाळाचे शरीर म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या किंवा थोड्या मोठ्या असंख्य तोंडांची वसाहत. त्यांच्या कातडीत सूक्ष्म शैवाल राहते, ते उन्हावर अन्न तयार करते आणि भाडे म्हणून त्यातले बरेचसे मालकाला देते. प्रवाळाचे रंगही पुष्कळसे या भाडेकरूमुळेच.

असा जिवंत खडक काचेच्या टाकीत, घरच्या दिवाणखान्यात सांभाळणारे लोक आहेत. अमेरिकेत आणि जर्मनीत हा छंद जुना आहे, आणि आता आखाती शहरांतही रुजला आहे. आपल्या कोकणातली किती घरे तिकडे आहेत हे वाचकांना सांगायला नको. माझ्या आपाचा मुलगा शारजात असतो. त्याच्याकडे तीनशे लिटरची अशी टाकी आहे. मागच्या महिन्यात या सदरात कुकरच्या शिटीविषयी लिहिले होते. त्या मानाने हा विषय दूरचा वाटेल, पण शेवटी तो आपल्याच स्वयंपाकघरात येऊन पोचतो. म्हणून थोडा धीर धरून वाचावे.

यंदा ईदनंतर त्याचा फोन आला. आवाज पडलेला होता. "अस्सलामु अलैकुम खाला. टाकी संपली बहुतेक. सहा वर्षांची मेहनत."

काय झाले होते, ते क्रमाने सांगते. आधी काचेवर चरणाऱ्या गोगलगाई एकेक करून वाळूत उलट्या पडू लागल्या. मग कात टाकताना कोळंबी मेली. मग फांद्यांसारख्या प्रवाळांची कातडी बुडापासून सोलल्यासारखी निघू लागली आणि खाली पांढरा सांगाडा दिसू लागला. मासे मात्र ठणठणीत होते, वेळेवर खायला वर येत होते. त्याने पाण्याची खारटपणाची पातळी तपासली, तापमान पाहिले, अमोनिया, नायट्रेट, चुना सगळे मोजले. सगळे जागच्या जागी होते. घरी वापरायच्या संचाने तांबे मोजले, तर शून्य आले.

आणि मग वाळू चाळताना त्याला एक नाणे सापडले.

आरोपी लगेच ठरला. घरात नाणे टाकणारा एकच, त्याचा सात वर्षांचा मुलगा. मुलाने कबूलही केले, "एकदाच टाकले होते अब्बू, मासे खातात का ते बघायला." त्यानंतर काय झाले असेल ते आईवडील असलेल्या प्रत्येकाला कळेल. नाणे बाहेर काढले, मुलाला खूप बोलणी बसली, आणि तरीही मरणे थांबले नाही. मुलाची आई मला म्हणाली, "खाला, तो आता हॉलमध्ये बसतसुद्धा नाही. टाकीकडे पाठ करून जेवतो."

मी भाच्याला पहिला प्रश्न केला तो तारखेचा. पहिली गोगलगाय कधी मेली? टाकी ठेवणारे हे लोक वही ठेवतात, पाणी कधी बदलले, काय मोजले, सगळे लिहून. वहीत होते, रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात. मग विचारले, नाणे कुठले? तो म्हणाला, ईदीचे. ईदच्या दिवशी पाहुण्यांनी मुलाला कोरी नाणी दिली होती, त्यातलेच एक. म्हणजे पहिली गोगलगाय मेली तेव्हा ते नाणे अजून घरातच आले नव्हते. फोनवर बराच वेळ कोणी बोलले नाही.

कारण हे परिणामाच्या आधी घडावे लागते. पाचवीच्या मुलालाही हे पटते, पण घरात नुकसान झाले की आपण जे हाती लागेल त्यालाच कारण ठरवतो. नाणे दोषी नसेल, तर दोषी अजून टाकीतच आहे, आणि मुलाला बोलून आपण त्याला मोकळे सोडले आहे, एवढाच त्याचा अर्थ होता.

मासे ठीक आणि गोगलगाय, कोळंबी, प्रवाळ मरतात, या खुणेवरून जाणकार पहिला संशय धातूवर घेतात, त्यातही तांब्यावर. तांबे हा काही परका पदार्थ नाही. आपले रक्त लोहामुळे लाल असते, तसे कोळंबी, खेकडे आणि बहुतेक गोगलगाई यांच्या रक्तात प्राणवायू वाहायला तांबे असते, म्हणून ते निळसर दिसते. म्हणजे थोडे तांबे त्यांना हवेच. पण हे थोडे म्हणजे किती? खुल्या समुद्राच्या एक लिटर पाण्यात तांबे पाव मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आता आपल्या पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक बघा. त्यात लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम तांबे स्वीकारार्ह धरले आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. जे पाणी आपण निर्धास्त पितो, त्यात समुद्राच्या शेकडो पट तांबे असू शकते. आपल्याला ते बाधत नाही, पण गोगलगाईला ते सोसत नाही.

माशांचे तसे नाही. समुद्री माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आणणारा एक परजीवी असतो, त्यावर तांबे हेच जुने औषध आहे. लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबे पाण्यात ठेवतात. मासा तगतो, परजीवी मरतो. म्हणूनच हे औषध नेहमी वेगळ्या टाकीत देतात. प्रवाळांच्या टाकीत ते एकदा ओतले, की थोडे तांबे खडकात आणि वाळूत शोषले जाते आणि पुढे केव्हाही परत सुटू शकते. कोणाची जुनी टाकी खडकासकट विकत घेणाऱ्याने हे आधी विचारलेले बरे.

तांब्याचा हा गुण माणसाने फार पूर्वीच कामाला लावला आहे. लाकडी जहाजांना समुद्रातला किडा पोखरतो. नाव किडा असले तरी तो शिंपल्याच्या जातीचा. १७६१ मध्ये इंग्रजांच्या आरमाराने 'अलार्म' या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. किडाही लागला नाही आणि शेवाळ, कालवेही चिकटली नाहीत. आजही बोटींच्या तळाला लावायच्या रंगात तांब्याचे संयुग असते. जे बोटीचा तळ साफ ठेवते तेच टाकीत गेले, तर टाकीही साफ करणार.

भाच्याच्या संचाने शून्य दाखवले, त्याचेही कारण होते. घरी वापरायचे संच रंग पाहून अंदाज सांगतात. लिटरला काही दहा मायक्रोग्रॅमच्या खाली गेले की त्यांना दिसत नाही. बाजारच्या तराजूवर सोन्याची नथ ठेवली तर काटा हलणार नाही. म्हणून नथ नाही असे नव्हे, तराजू तेवढा बारीक नाही.

बारीक तराजू प्रयोगशाळेत असतो. पाण्याचा फवारा करून तो आर्गॉन वायूच्या ज्योतीत सोडतात. ही ज्योत सहा ते दहा हजार अंशांपर्यंत तापलेली असते, सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही जास्त. त्या उष्णतेत प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक रंगाचा प्रकाश देते. यंत्र तो प्रकाश वेगळा करते आणि कोण किती आहे ते सांगते. आपण हे वेगळ्या रूपात पाहिलेले असते. गॅसच्या ज्योतीवर मिठाचे पाणी उतू गेले की ज्योत पिवळी होते, ते सोडियम. फटाक्यातला लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बहुधा बेरियमचा. तांब्याचे संयुग ज्योतीत धरले की हिरवी-निळी झाक येते, हा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेतही होतो. जर्मनीत हायडेलबर्गला बुन्सेन आणि किर्खोफ यांनी याच पद्धतीने १८६० मध्ये एका झऱ्याच्या पाण्यातून सीझियम हे नवे मूलद्रव्य ओळखले. तेव्हाही प्रश्न तोच होता, या पाण्यात आणखी काय आहे?

भाचा एक बाटली पाठवणार होता. मी म्हटले, दोन पाठव. एक टाकीतल्या पाण्याची. दुसरी त्याच घरच्या फिल्टरच्या पाण्यात त्याच डब्यातले मीठ घालून नव्याने केलेल्या पाण्याची, जे टाकीत अजून गेलेलेच नाही. कारण सरळ आहे. दोन्ही बाटल्यांत धातू सापडला तर चोर बाहेरचा, म्हणजे नळ, फिल्टर किंवा मीठ. फक्त टाकीच्या बाटलीत सापडला तर चोर आतला. दोन बाटल्यांच्या खर्चात निम्मे घर झडतीतून वगळले जाते. हे माझे शहाणपण नव्हे. आठवीच्या पुस्तकातही प्रयोगाशेजारी एक साधी परीक्षानळी तुलनेला ठेवायला सांगतात, ती यासाठीच.

अहवाल आला. नव्याने केलेले पाणी स्वच्छ. टाकीच्या पाण्यात लोह, निकेल आणि तांबे या तिघांसमोर लाल खूण. जस्त आणि क्रोमियम नेहमीइतकेच.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायची. धातू क्वचितच एकटा येतो, तो आपले कुटुंब घेऊन येतो. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. पितळेची तोटी किंवा जोड झिजत असेल तर दोघेही वाढतात. न गंजणारे पोलाद म्हणजे लोह आणि क्रोमियम, बहुधा सोबत निकेल. नळीवरचा पट्टा किंवा स्क्रू गंजला तर क्रोमियम डोके वर काढते. फक्त तांबेच वाढले असेल तर औषध किंवा तांब्याची तार, नळी बघायची. कथील वाढले तर प्लास्टिकचे पाइप संशयित, कारण काही प्लास्टिकमध्ये कथिलाची संयुगे मिसळलेली असतात. ॲल्युमिनियम वाढले तर गाळणीतले सिरॅमिकचे ठोकळे.

इथे जस्त नाही, म्हणून पितळ गेले. क्रोमियम नाही, म्हणून स्क्रू आणि पट्टे गेले. लोह, निकेल आणि तांबे एकत्र कुठे असतात? भाच्यानेच उत्तर शोधले. हल्लीच्या ताकदवान चुंबकात. १९८०च्या दशकात जपान आणि अमेरिकेत तयार झालेले हे चुंबक निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचे असते. ते फार लवकर गंजते, म्हणून त्यावर निकेल, मग तांबे, मग पुन्हा निकेल असा मुलामा देतात. बोरॉनही पाण्यात सुटत असणारच, पण समुद्राच्या पाण्यात ते मुळातच लिटरला चार मिलिग्रॅमच्या वर असते, त्यामुळे थोडी भर अहवालात उठून दिसत नाही.

मग टाकीत चुंबक असलेल्या वस्तूंची यादी झाली. तीन निघाल्या. मुख्य पंपाचा फिरता भाग, लाटा करणाऱ्या पंपाची काचेला धरणारी पकड, आणि काच पुसायचा ब्रश, ज्याचा एक तुकडा आत आणि एक बाहेर असतो. तिन्ही काढून उजेडात पाहिले. पंप आणि पकड धड होती. ब्रशच्या आतल्या तुकड्याच्या प्लास्टिकला केसाएवढी चीर होती आणि चिरेच्या कडेला तपकिरी डाग. आतले चुंबक गंजून फुगले होते आणि त्यानेच प्लास्टिक आणखी फाडले होते.

तरी मी म्हटले, डाग दिसला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असे नाही. मुलावर आपण तसाच गुन्हा लावला होता. त्याने तो तुकडा काचेच्या बरणीत, ताज्या मिठाच्या पाण्यात ठेवला. शेजारी तसेच पाणी भरलेली रिकामी बरणी ठेवली. पाचव्या दिवशी पहिल्या बरणीच्या तळाला तपकिरी भुकटी बसली होती, दुसरी नितळ होती. त्या दिवशी त्याने मुलाला बोलावून दोन्ही बरण्या दाखवल्या. काय बोलला ते मी विचारले नाही. त्याची बायको म्हणाली, दोघे बराच वेळ टाकीसमोर बसले होते.

उपाय करताना क्रम महत्त्वाचा. आधी उगम काढायचा, मग पाणी. उगम तसाच ठेवून पाणी बदलत राहणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे. उगम काढल्यावरसुद्धा घाई चालत नाही. एका वेळी पाचवा हिस्सा पाणी बदलले तर ८० टक्के धातू उरतो. असे पाच वेळा केले तरी सुमारे ३३ टक्के उरतो. म्हणून सोबत सक्रिय कोळसा आणि धातू धरून ठेवणारे शोषक वापरतात. एकदम सगळे पाणी बदलले तर आधीच खंगलेल्या प्रवाळांना तो बदलच सोसत नाही. भाच्याने दीड महिना हे केले, मग पुन्हा बाटली पाठवली. लाल खुणा गेल्या होत्या. निम्म्याहून जास्त प्रवाळ गेले ते गेलेच. दोन वसाहतींच्या बुडाशी नवी कातडी पांढऱ्या सांगाड्यावर चढते आहे, अगदी सावकाश.

हे वाचून इथे कोणी अशी टाकी करायच्या विचारात असेल तर एक सूचना. आपल्या देशात खडक बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. मालवणच्या किंवा इतर कुठल्याही किनाऱ्यावरून ते काढणे, विकणे गुन्हा आहे. समुद्रघोडाही तसाच. मुलांनी शंखशिंपल्यांबरोबर प्रवाळाचा तुकडा उचलला तर तो तिथेच ठेवायला सांगा.

आता स्वयंपाकघराकडे. आपल्या घरांत बिर्याणीची देग तांब्याची, आणि आत कलई. कलई म्हणजे कथिलाचा पातळ थर. कथील २३२ अंशांना वितळते, म्हणून कलईवाला भट्टीवर भांडे तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने ते क्षणात पसरवतो. भांड्याच्या तळाला लाल झाक दिसू लागली की तो थर संपला समजावे. मग त्यात दही, चिंच, कोकम, टोमॅटो घातले की पदार्थ कळकतो. आपल्या आज्यांना मायक्रोग्रॅम माहीत नव्हता, पण कळकणे हा शब्द माहीत होता आणि ताक त्या अशा भांड्यात कधी ठेवत नसत. कलई लावून घेताना ओळखीच्या, खात्रीच्या कारागिराकडून घ्यावी, कारण स्वस्तातल्या कथिलात शिसे मिसळलेले असू शकते, आणि शिसे मुलांच्या मेंदूला बाधते.

पितळेच्या तोटीतून सकाळी पहिले येणारे पाणी रात्रभर धातूला लागून राहिलेले असते. ते थोडे वाहू देऊन, बादलीत धरून, धुण्या-पुसण्याला वापरावे आणि मग पिण्याचे भरावे. पाण्याला धातूची चव येते असे वाटले तर भाच्याचीच युक्ती करा. एक बाटली सकाळच्या पहिल्या पाण्याची आणि एक नळ पाच मिनिटे चालू ठेवल्यानंतरची, दोन्हींवर वेळ लिहून तपासणीला द्या. धातू पहिल्या बाटलीत जास्त निघाला तर दोष बहुधा घरातल्या तोटीचा किंवा नळीचा. दोन्हीत सारखाच निघाला तर दोष येणाऱ्या पाण्याचा, आणि मग तोटी बदलण्यात पैसे घालवू नयेत.